शिवराईवरचा अंगठा

"मग अण्णा, आजपासून पाकिटावर सही माझी ना?"

रत्नाकरने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

मिरजेत जुनी नाणी पारखून घ्यायची तर अण्णा कासारांकडूनच. अण्णा नाणं बघत, दर्जा ठरवत, भाव लिहीत आणि पाकिटात घालून वर सही करत. ती सही दिसली की मुंबईचा व्यापारीसुद्धा पाकीट उघडून बघत नसे. सतरा वर्षं हाताखाली काढल्यावर रत्नाकरला आता ती सही हवी होती. आणि का नको? खोटं नाणं तो टेबलावर पडल्याच्या आवाजावरून ओळखायचा. गडी हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अण्णा चष्मा पुसत बसले.

"मघाचे पोस्टमास्तर कुठे गेले रे?"

"दिले घालवून! रिटायर झाल्यावर नाणी शिकायचीत म्हणे. आणि पहिल्याच नाण्याच्या तोंडावर बोट टेकवलं. नाणं कडेला धरायचं एवढं कळत नाही, त्यांना काय शिकवणार कपाळ? मी म्हटलं, काका, तुम्ही आपली तिकिटंच चिकटवा."

स्वतःच्या विनोदावर तो पोटभर हसला. अण्णा हसले नाहीत.

त्यांनी खणातून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. त्यावर दर्जा नव्हता, भाव नव्हता, सहीही नव्हती.

"हे पारख. मग सहीचं बोलू."

हात्तिच्या, एवढंच? रत्नाकरने ऐटीत पांढरे हातमोजे चढवले, नाणं कडेला धरलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

"शिवराई, महाराजांचं तांब्याचं नाणं. अक्षरं ठसठशीत, झीज जवळजवळ नाहीच. दर्जा एक्स्ट्रा फाइन. पाच हजार कुठे गेले नाहीत." त्याने नाणं उलटलं आणि तोंड वाकडं केलं. "अरेरे, पार वाटोळं केलंय की! घामेजलेला अंगठा दाबलाय कुणीतरी. घाम तांब्यात मुरला की काही वर्षांनी असा काळा ठसा उमटतो, तो जन्मात जात नाही. आता दीड हजारसुद्धा जास्त झाले."

"आणखी?"

"आणखी काय? असल्या गाढवाला दाराच्या आत घ्यायलाच नको होतं."

"ते असू दे. ठशावर आडवी रेघ आहे, ती कसली?"

"चरा असेल." त्याने भिंग आणखी जवळ नेलं. "नाही... चरा नाही. तांबं सपाट आहे, नुसत्या ठशाच्या रेषा तुटल्यात. म्हणजे अंगठ्यालाच वण असणार. काहीतरी कापल्याचा..."



अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

रत्नाकरने उजवा हातमोजा काढला. लहानपणी विळीने कापलेला अंगठा, त्यावरचा तो आडवा वण. अंगठा त्याने नाण्याशेजारी धरला... पण पडताळायची गरजच नव्हती. त्याला इथला पहिला दिवस आठवला. भर उन्हात सायकल मारत तो आला होता आणि टेबलावरची शिवराई त्याने खसकन उचलली होती. अण्णा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "बस. आधी पाणी पी."

लाजेने त्याचे कान तापले.

"अण्णा... इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीत."

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

रत्नाकर उठला, घाईघाईने चपला पायात सरकवल्या. "पोस्टमास्तर अजून चौकातच असतील. बोलावून आणतो."

दारात तो थबकला. टेबलावरचं पाकीट कोरंच होतं.

"आणि अण्णा, यावर काय लिहू? भाव... सही..."

"राहू दे तसंच. नाण्यावर आहे की तुझी पहिली सही."