सोललेलं अंडं

तपासणीला आलेल्या साहेबांनी फोटोसाठी म्हणून चार वर्षांच्या रेवूचं अंडं स्वतःच सोलून दिलं. पोरीनं ते भिरकावलं आणि अख्खी अंगणवाडी डोक्यावर घेतली.

मदतनीस गोजराबाई पार गोंधळली. दटावू, की जवळ घेऊ? काहीच सुचेना.

“हिचं नाव पटावरून काढा!” साहेब कडाडले.

गोजराबाई पोरीशेजारी खाली बसली. “तुला स्वतः सोलायचं होतं का गं, बाय?”

हुंदके देत रेवूनं मान डोलावली. गोजराबाईनं दुसरं अंडं हातात देताच ती मुकाट सोलायला लागली.

साहेब ओरडतच होते, “ज्याला राग आवरत नाही, त्याला इथं जागा नाही!”

“पोरीनं तर आवरला, साहेब,” गोजराबाई म्हणाली. “आता नाव कुणाचं काढू, तेवढं सांगा.”