देवका सुतारणीची तिवई

फार वर्षांपूर्वी, चुलबंद नदी जेव्हा हिरडटोल्याच्या पलीकडच्या अंगानं वाहायची आणि सागाचं रान थेट घरांच्या कुडांना येऊन टेकायचं, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांनी पाहिलं त्यांच्यातलं कुणी उरलं नाही. त्यांनी सांगितलं, ऐकणाऱ्यांनी पुढं सांगितलं, आणि गोष्ट अजून चालतेच आहे.

त्या काळी हिरडटोल्यात उदेभान नावाचा मालगुजार होता. गाव त्याचं, तळं त्याचं, धानाच्या बांध्या त्याच्या. त्याच्या बैठकीत एक खुर्ची होती, आणि सगळ्या गावात खुर्ची म्हणावी अशी तेवढीच. त्याच्या आज्यानं गावाला दंडक घालून दिला होता की मालगुजाराखेरीज कुणी जमिनीपासून वीतभराच्या वर बसायचं नाही. पाट चालेल, पिढं चालेल. बाजेचे पायसुद्धा आखूड ठेवायचे. इतकी वर्षं गेली की लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं. बसायचं म्हणजे भुईवर, असंच सगळे समजून चालले होते.

त्याच गावात किसन सुताराची मुलगी होती, देवका. किसनाचे हात थरथरू लागले तसा तिनं लाकूड तासायचा वाकस हातात घेतला. बाईनं हत्यार धरलं म्हणून गाव कुजबुजलं, पण नांगर तर सगळ्यांनाच हवा होता. देवकानं घडवलेला नांगर ओढताना बैलांना घाम फुटत नसे, असं म्हणतात. लाकडाला कान लावला की ते आतून कुठं किडलं आहे हे तिला ऐकू यायचं, असंही म्हणतात. जीभ मात्र पटाशीसारखी धारदार. बाप म्हणायचा, "पोरी, लाकूड तासत जा, माणसं तासू नको."

एक दिवस देवका पवनाबाईच्या घरी दाराची चौकट नीट करायला गेली. पवनाबाई म्हणजे गावाची सुईण. तिच्या हातून जन्मला नाही असा माणूस हिरडटोल्यात नव्हता. उदेभानसुद्धा तिच्याच हातावर पडलेला. जन्मभर चिखलात वाकून तिनं धानाची रोवणी केली, जन्मभर उकिडवं बसून बाळंतपणं केली, आणि म्हातारपणी गुडघ्यांनी दगा दिला. देवका आत गेली तेव्हा म्हातारी खांबाला टेकून उभ्याउभ्याच भात खात होती.

"बस ना वो माय, बसून खा," देवका म्हणाली.

"बसली का उठता येत नाही, बाई. सून वावरात गेली का मले उचलायले घरी कोनी नसते. ते येईपर्यंत मी उभीच राहतो."

"सकाळपासून?"

"रोजच," पवनाबाई म्हणाली, आणि जगाला माहीतच असल्यासारखी पुन्हा खाऊ लागली.

देवकानं हातातली पटाशी खाली ठेवली. चौकट तशीच टाकून ती खाली वाकली, कमरेची दोरी सोडली, आणि म्हातारीच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं.

मग तिनं सागाचा एक तुकडा काढला आणि त्या मापाची बैठक केली. आधी चार पाय लावले. पण कुडाच्या घरातली भुई ती, कुठं उंच, कुठं खोल. बैठक डुगडुगली आणि पवनाबाई घाबरली. तेव्हा देवकानं एक पाय काढला आणि उरलेले तीन नव्या जागी बसवले. तीन पायांना भुई कशीही चालते. पवनाबाई बसली, आणि कुणाचा हात न धरता उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग ती अशी हसली की तळ्यावरचे सगळे बगळे उडाले, असं म्हणतात.

ही बातमी काय घरात राहणार होती? दुसऱ्या दिवसापासून देवकाच्या अंगणात बायाबापड्यांची रीघ लागली. देवकानं सगळ्यांना एकसारखी तिवई दिली नाही. भागरता पोटुशी होती, तिची बैठक रुंद केली आणि मागं पाठ टेकायला फळी लावली. डोमा बुरूड दिवसभर टोपल्या विणायचा, त्याची बैठक पुढं किंचित उतरती केली, म्हणजे बांबू मांडीवर नीट येतो. ज्याचा एक पाय अधू, त्याच्या तिवईला एका बाजूनं टेकू दिला. लोक विचारायचे, "अशी बी होते का वो?" आणि देवका म्हणायची, "कशी पाहिजे ते सांग. होते का नाही ते मी पाहतो."

उदेभानच्या कानावर गेलं. त्यानं कारभाऱ्याला पाठवलं. कारभाऱ्यानं पवनाबाईची तिवई उचलून नेली, चावडीपुढं सगळ्यांदेखत तिचे पाय करवतीनं कापले आणि तुकडे देवकाच्या दारात आणून टाकले.

देवकानं ते तुकडे उचलले. उलटेसुलटे करून पाहिले.

"मालकाले सांगा, लय उपकार झाले," ती म्हणाली. "सांधा कुठं कच्चा राहिला होता, ते मले दिसतच नव्हतं."

आणि तिनं दुसरी तिवई केली, पहिलीपेक्षा बरी. पाय सरळ न लावता बाहेरच्या अंगाला तिरपे लावले, आरपार खुंट्या ठोकल्या. कारभारी कुऱ्हाड घेऊन आला. कुऱ्हाडीनं वरची फळी फुटली. देवकानं मग फळीच काढून टाकली आणि वेताची वीण घातली. वेत दबतो, फुटत नाही, आणि म्हाताऱ्या हाडांना मऊही लागतो. पवनाबाईला उठताना जोर लावता यावा म्हणून बाजूला हात बसवला. बांधावरून एका हातानं नेता यावी इतकी ती हलकी केली. त्यानं मोडायचं आणि तिनं सुधारायचं, असं ते चाललं. शेवटी तिवई अशी झाली की कारभाऱ्याच्या करवतीचे दातच गळून पडले, असं म्हणतात.

तेव्हा उदेभाननं रान बंद केलं. देवकाला कुणी काडीसुद्धा द्यायची नाही, अशी दवंडी पिटली.

त्या संध्याकाळी किसन लेकीपुढं रडला. "आपण त्याच्या खळ्यावर जगणारे, पोरी. त्यानं धान दिलं नाही तर खायचं काय? बस झालं आता." देवकाला भीती वाटत नव्हती असं नाही. पण ती म्हणाली, "बाबा, आता मी थांबली तर पवनामाय उद्या पुन्हा उभी राहीन. मी कशी बसू?"

आणि सकाळी दार उघडलं तर अंगणात लाकडं पडलेली. कुणी मोडका नांगर आणून टाकला होता, कुणी दाराचा अडसर, कुणी मुसळ. भागरतानं माहेरून आलेल्या पाळण्याचा दांडा दिला होता. पवनाबाईनं मेलेल्या नवऱ्याची काठी पाठवली होती. त्यापुढं देवकाच्या तिवया तशाच झाल्या, एक पाय सागाचा, एक मोहाचा, एक बाभळीचा. कारभाऱ्यानं त्यातली एक होळीत टाकली, तेव्हा आग तिच्याभोवती फिरली, हुंगली आणि मागं सरली, असं म्हणतात.

मग उदेभाननं निवाडा बोलावला. देवकाची हत्यारं नदीत बुडवायची आणि तिला गावाबाहेर काढायचं, हे त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. त्या दिवसासाठी त्यानं दूरच्या शहरातून एक नवी खुर्ची करवून आणली. ती इतकी उंच होती की चढायला पायऱ्या लागत. तळ्याच्या काठी मोकळ्या जागेत ती मांडली. उदेभान वर चढून बसला. त्याचे पाय अधांतरी लोंबत होते.

सगळं गाव आलं. बायांच्या पदराखाली, गड्यांच्या काखेत काहीतरी होतं. देवका एकटी पुढं उभी राहिली.

"माझ्या गावात माझ्या बरोबरीनं बसवतेस लोकांना?" उदेभाननं विचारलं.

"मालक, लाकूड रानाचं, गुडघे पवनामायचे," देवका म्हणाली. "मधात तुमचं काय आहे जी?"

"उंची माझी आहे!" उदेभान ओरडला. "या गावात उंची फक्त माझी!"

"मंग राहा उंच. तुमचा निवाडा आमी बसून ऐकतो." आणि देवका गावाकडं वळली. "बसा वो. बसा गा सगळे."

कुणी हललं नाही. मालगुजारासमोर कुणी कधी बसलंच नव्हतं. कारभाऱ्यानं काठी उगारली. तेवढ्यात पवनाबाईनं पदराखालून तिवई काढली, भुईवर ठेवली आणि बसली. मग भागरता बसली. मग डोमा बुरूड. मग थप थप थप, तिवयांचे पाय भुईला लागत गेले.

आणि जसजशी एकेक तिवई टेकत गेली, तसतशी उदेभानची उंच खुर्ची खाली जाऊ लागली. कुणी म्हणतं, तळ्याकाठची भुई ओली होती आणि खुर्ची जड. कुणी म्हणतं, धरतीलाच त्या घराण्याचा भार नकोसा झाला होता. खुर्चीचे पाय गेले, बैठक गेली, आणि शेवटी उदेभान चिखलात असा रुतला की गुडघे हनुवटीला लागले. त्यानं उठायची धडपड केली. उठता येईना. कारभारी हात द्यायला धावला, तोही पोटरीपर्यंत गेला. गावातलं कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या जागी बसून नुसते पाहत राहिले, आणि तेच त्याला सगळ्यांत जास्त लागलं, असं म्हणतात.

मग पवनाबाई तिवईच्या हातावर जोर देऊन आपली आपण उठली. तिवई घेऊन चिखलाच्या कडेपर्यंत गेली आणि ती त्याच्यापुढं सरकवली.

"धर, उदेभान. जोर लाव. पहिल्यांदा बी तुले मीच बाहेर काढलं होतं."

उदेभाननं तिवई धरली आणि उठला. चिखलानं भरलेला तो तसाच वाड्यावर निघून गेला. दंडक मोडला असं त्यानं कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर कारभारी कुणाच्या घरात वाकून पाहताना दिसला नाही. पुढं म्हातारपणी उदेभानचेही गुडघे गेले. त्यानं देवकाला निरोप धाडला. देवका गेली, दोरीनं माप घेतलं आणि इतरांना दिली तशीच तिवई त्यालाही दिली. त्याच्याशी ती बोलली मात्र नाही.

देवका खूप जगली. मग एक दिवस खांद्यावर वाकस टाकून लाकूड निवडायला रानात गेली, ती परतली नाही. उन्हाळ्यात पानगळ झाली की रानातून अजून ठक ठक आवाज येतो. बाहेरचे म्हणतात, सुतारपक्षी असेल. गावातले म्हणतात, देवकामाय आहे, काहीतरी सुधारून राहिली आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हिरडटोल्यात आजही प्रत्येक घरातली तिवई अंगणात काढतात. ती धुतात, हळद लावतात, आणि तिच्यात काहीतरी बरं करतात. होती तशीच परत आत न्यायची नाही, हा नियम. कुणी वीण घट्ट करतं, कुणी पायाला रबर लावतं, परवा एकानं चाकं लावली तर म्हाताऱ्यांनी त्याला शिव्या घालून ती काढायला लावली.

आणि गावाची सभा भरते तेव्हा सगळे आपापल्या मापाच्या तिवईवर बसतात, कुणासाठी वेगळी उंच खुर्ची नसते. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई बसल्याशिवाय तिथं कुणी बसत नाही. बाहेरून मोठा साहेब आला, गाडीतून उतरला, घाईत असला, तरी त्यालाही उभं राहावं लागतं. म्हातारी पदर सावरते, तिवईचा हात धरते, एकदा साहेबाकडं बघते आणि सावकाश बसते. मुद्दाम सावकाश.