तक्रारीची अट

एकदा एका वृद्ध गुरुजींनी एका व्यापाऱ्यापुढे अशी अट घातली, की ती ऐकून शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या शिष्येला वाटले, गुरुजींची जीभ घसरली.

हे गुरुजी खाडीकाठच्या एका बाजारगावात कार्यशाळा चालवीत. अपघाताने किंवा आजाराने ज्यांचे जुने काम सुटले, अशा माणसांना ते नवे काम शिकवीत. शिकून तयार झालेल्या माणसासाठी बाजारात जागा शोधणे, हे शिष्येकडे होते. ती मनापासून हिंडे. पण प्रत्येक दुकानाची पायरी चढताना तिला नकाराची धास्ती वाटे.

त्या वर्षी तिला एकाच माणसाचा घोर लागला होता. त्याचे नाव रावजी. तो पूर्वी लोकांचे नारळ पाडून द्यायचा. एकदा माडावरून पडला आणि त्याचे कमरेखालचे अंग लुळे झाले. तीन वर्षे तो भावाच्या ओटीवर पडून होता. मग गुरुजींनी त्याला भांड्यांवर नावे घालायला शिकवले. नावे घालणारे कारागीर भांडे दोन्ही पायांत घट्ट धरतात. रावजीच्या पायांत तो जोर नव्हता. तेव्हा गुरुजींनी गोणपाटाच्या पिशवीत वाळू भरून तिची उशी केली. तिच्यात भांडे रुतवले की ते जागचे हलत नसे. चाकांच्या फळीवर बसून, उशी पुढ्यात घेऊन रावजी छिन्नीने अशी ठसठशीत अक्षरे काढू लागला, की डोळे मिटून बोट फिरवले तरी नाव वाचता यावे.

तरीही नऊ दुकानांनी त्याला नाही म्हटले. दहाव्या दुकानाकडे निघताना तो शिष्येला म्हणाला, “ताई, हे शेवटचं. इथं जमलं नाही तर मी आपला ओटीवर जाऊन पडतो. रोज आस लावून बसणं आता सोसत नाही.”

दहावा व्यापारी मोठ्या मनाचा होता. त्याचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते आणि लग्नसराई तोंडावर आली होती. रावजीला पाहून त्याचे डोळे पाणावले. “उद्यापासूनच पाठवा,” तो म्हणाला. “त्याला इथं काही कमी पडू देणार नाही.”

शिष्येचा जीव भांड्यात पडला. तोच गुरुजी म्हणाले, “शेठ, पंधरा दिवसांत याच्याबद्दल तुमची एकही तक्रार आली नाही, तर सोळाव्या दिवशी मी याला परत नेईन.”

“तक्रार आली तर, असं म्हणायचंय ना गुरुजी?”

“नाही. आली नाही तर.”

“तुमचा थट्टेखोर स्वभाव काही जायचा नाही,” असे म्हणून शेठ पोट धरून हसला.

परतताना शिष्येला राहवले नाही. “गुरुजी, नऊ ठिकाणी तोंड पाडून आले मी. आता कुठे एक दार उघडलं, तर तुम्ही हे काय बोलून आलात?”

“रोज त्या दुकानावरून जात जा,” गुरुजी म्हणाले. “आणि रावजीच्या हातांकडे बघ. चेहऱ्याकडे नको.”

ती रोज जाऊ लागली. पहिल्या दिवशी दोन हमालांनी रावजीला उचलून थेट शेठच्या गादीवर बसवले. पाठीला लोड दिला. सकाळी पोहे, दुपारी शेठच्या घरचे जेवण, मध्ये तीन वेळा चहा. गिऱ्हाईक आले की शेठ कौतुकाने सांगे, “हा आमचा रावजी. माडावरून पडला बिचारा. पण हसरा बघा कसा आहे!” मग गिऱ्हाईक चुकचुके. एखादी आजी पिशवीतले केळे काढून त्याच्या हातात ठेवी. वाळूची उशी दुकानात बरी दिसत नाही, म्हणून ती वखारीत गेली होती. नावे घालायची भांडी पूर्वीप्रमाणेच पलीकडच्या आळीत दुसऱ्या कारागिराकडे जात. रावजीने विचारले, तर शेठ म्हणे, “करशील रे सावकाश. घाई काय आहे?”

शिष्येला आधी बरे वाटले. पण पाचव्या दिवशी तिला गुरुजींचे बोलणे आठवले आणि तिने हातांकडे पाहिले. रावजीचे हात मांडीवर एकावर एक ठेवलेले होते. आठव्या दिवशीही तसेच. अकराव्या दिवशी त्या बोटांवरचे छिन्नीचे घट्टे मऊ पडू लागलेत, असे तिला वाटले.

बाराव्या दिवशी ती पुरती घाबरली. तक्रारीचे नाव नव्हते आणि गुरुजी शब्दाचे पक्के. दुकानात जाऊन ती हळूच म्हणाली, “रावजीभाऊ, एखादी चूक करा.”

“कसली चूक?”

“कसलीही. एखादं भांडं पाडा. नाहीतर एखादं अक्षर वाकडं काढा. तक्रार आली नाही तर गुरुजी तुम्हाला परत नेणार.”

रावजीने रिकामे हात पुढे केले. “चूक करायला आधी काम तर हवं ना, ताई? मला इथं पाहुणा करून ठेवलाय. पाहुण्याच्या हातून काय चुकणार?”

आपण त्याला भलताच सल्ला दिला, म्हणून ती ओशाळली आणि तशीच बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी शेठ खरेदीसाठी परगावी गेला होता. शिष्या आळीच्या तोंडाशी आली, तर दुकानातून रावजीचा चढा आवाज ऐकू आला.

“मला खाली उतरवा. पायरीजवळ, उजेडात. आणि वखारीतली ती उशी आणा.”

“शेठ रागावतील हां!” हमाल म्हणाला.

“रागावू देत. एकदा तरी रागावू देत की!”

थोड्या वेळाने छिन्नीची टकटक सुरू झाली. शिष्येला धावत आत जावेसे वाटले. पण ती गेली नाही. भिंतीशी उभी राहून ऐकत राहिली आणि मागच्या मागे परतली.

पंधरावा दिवस उजाडला. दुपार कलली तरी शेठचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी रावजीला आणायला कोण कोण जायचे, हे गुरुजी शांतपणे ठरवत होते. शिष्येला त्यांचा रागच आला होता. इतक्यात कार्यशाळेचे फाटक धाडकन उघडले आणि लालबुंद झालेला शेठ आत आला.

“गुरुजी! हा काय माणूस दिलाय तुम्ही मला?”

“काय झालं, शेठ?”

“काय व्हायचं राहिलं? काल परगावाहून आलो, ह्याचं अक्षर पाहिलं आणि लग्नातले गडू ह्याच्यापुढे ठेवले. मुलीकडचे तांब्याचे, मुलाकडचे पितळेचे. ह्यानं तांब्याच्या गडवांवर मुलाकडची नावं घातली! सात गडू झाले तेव्हा माझं लक्ष गेलं. उद्या सकाळी माणसं न्यायला येणार. मी चिडलो, वाटेल ते बोललो. तर हा गिऱ्हाइकांदेखत मलाच म्हणतो, ‘शेठ, नावांच्या चिठ्ठ्या भांड्याच्या आत टाकायच्या, वर ठेवायच्या नाहीत. वाऱ्यानं इकडच्या तिकडे झाल्या, तर मी काय करू?’”

“मग?”

“मग काय? चिठ्ठ्या आत टाकायला हव्या होत्या, हे बरोबर आहे त्याचं,” शेठ जरा खाली आला. “पण विचारायचं तरी एकदा! आता बसलाय नावं घासून काढत. मीच बजावलंय, सातही गडू नवे केल्याशिवाय उठायचं नाही. आणि गुरुजी, त्याला परत न्यायचं नाव काढू नका. परवा साठ ताटं यायची आहेत आणि गिऱ्हाइकांना आता ह्याचंच अक्षर हवंय. ती कोण करणार?”

गुरुजींच्या चेहऱ्यावर हसू पसरले. “शेठ, अट पुरी झाली. आज रावजीला नोकरी लागली.”

शेठ गोंधळून ओट्यावर बसला. “म्हणजे? इतके दिवस मी काय केलं? मी त्याचं वाईट तर चिंतलं नाही.”

“मुळीच नाही,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही त्याच्यावर दया केलीत. पण ज्याच्यावर आपण नुसती दया करतो, त्याच्याकडून आपल्याला काहीच नको असतं. म्हणून त्याचा रागही येत नाही. आज पहिल्यांदा तुमचं काम त्याच्या हातात अडकलं, म्हणून तुम्ही रागावलात. आणि रागावूनही त्याला घालवून दिलं नाहीत. तुमच्या दुकानात माणूस चुकला तर तुम्ही ओरडता आणि ठेवून घेता, हे मला ठाऊक होतं. त्याला तसाच मालक हवा होता.”

शेठ एकदम उठला. “बोलत काय बसलोय मी! दुकानात गर्दी असेल.”

शिष्याही त्याच्याबरोबर निघाली. पायरीजवळ रावजी कानस चालवत बसला होता. कपाळावर घाम, हात कोपरापर्यंत तांब्याच्या बारीक कणांनी माखलेले. ती वाकून कुजबुजली, “माझं ऐकून मुद्दाम नाही ना केलंत?”

“मुद्दाम कशाला? चक्क चुकलो,” रावजी मान वर न करता म्हणाला. “आता बाजूला व्हा, ताई. उजेड अडतोय.”

शिष्या चटकन बाजूला झाली. कोणी आपल्याला असे दूर सारावे आणि त्याने मन इतके हलके व्हावे, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होते.