शिदूचा फोकस

एका गावात एक भोळा लाइटवाला होता. म्हणजे आधी तो नुसताच भोळा होता, लाइटवाला नंतर झाला. नाव शिदू. घरी म्हशी राखायचा, आणि म्हशींनाही कळायचं की हा आपल्यापेक्षा साधा आहे.

त्याचे बंडामामा गाण्यांच्या कार्यक्रमांना लाइट लावायचे. शिदूची आई त्यांची थोरली बहीण. ती एकदा म्हणाली, "बंडा, भाच्याला हाताशी घे." थोरल्या बहिणीपुढं मामांचं काय चालणार? घेतला बिचाऱ्यांनी!

शिदू मात्र खुळावला. एक बटण दाबलं की माणूस निळा, दुसरं दाबलं की लाल! असलं काम सोडून परत शेणात हात घालायचा? नाव काढू नका.

पहिला कार्यक्रम उसाच्या फडाजवळ, उघड्यावर. मामा म्हणाले, "फोकस गाणाऱ्यावर धर. तो जाईल तिकडं फोकस. अजिबात सोडायचा नाही."

शिदूनं नाही सोडला. मध्यंतर झालं. गायक स्टेजवरून उतरले, फोकस उतरला. गायक बाभळीमागं मोकळे व्हायला गेले, फोकसही गेला. अख्ख्या गावानं गायकांची पाठ पाहिली. पाठच होती म्हणून बरं. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

मामा कडाडले, "अरे बैला, माणूस आडोशाला गेला की फोकस बंद करायचा!"

"असं होय? मग आधी सांगायचं ना, मामा."

पुढच्या गावी गवळण होती. राधा लाजली आणि पुठ्ठ्याच्या झाडाआड लपली. आडोसा! शिदूनं खटकन बटण दाबलं. सगळा काळोख. कृष्ण चाचपडत पुढं गेला आणि राधा समजून ढोलकीवाल्याच्या गळ्यात पडला. ढोलकीवाल्याला मिशा होत्या. कृष्ण किंचाळला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तरी आपला अंधारच.

"अरे, निदान टाळ्या पडल्यावर तरी लाइट लावायचे!" मामांनी कपाळ बडवलं. "टाळी वाजली की सगळे रंगीत दिवे गरागरा फिरवायचे. काय?"

"टाळी वाजली की गरागरा," शिदू म्हणाला. घोकत घोकतच जेवला.

तिसरा कार्यक्रम एका हेडमास्तरांच्या स्मरणार्थ भजनांचा. हेडमास्तर नुकतेच वारले होते. स्टेजवर त्यांचा फोटो, फोटोला हार. भजनाआधी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. इतक्यात पुढच्या रांगेतल्या एका आजोबांच्या कानाशी डास आला. आजोबांनी दोन्ही हातांनी मारला. फट्!

टाळी!

हेडमास्तर फोटोत लाल झाले, मग हिरवे, मग जांभळे. मागच्या पोरांनी नाचायला सुरुवात केली. हेडमास्तरांच्या सूनबाईंना हसू आवरेना, म्हणून त्या पदरात तोंड खुपसून रडल्यासारखं करू लागल्या.

मामांचा आवाजच बसला. "शिद्या, मेल्या, हार दिसला की झगमगाट नसतो रे! सगळे दिवे मंद करायचे. एकच फोकस तोंडावर. लोक उभे नसले तर माइकवरून उभं करायचं. आणि हात जोडून गप राहायचं!"

"आता पक्कं, मामा."

"पक्कं असू दे. परवा आपल्या गावची जत्रा आहे. तिथं चुकलास तर अक्काला सांगून तुला म्हशींमागं लावतो."

शिदू दोन दिवस घोकत राहिला, "आडोसा, टाळी, हार."

जत्रेच्या दिवशी आई नवं लुगडं नेसून पुढ्यात बसली. येईल त्या बाईला सांगत होती, "तो वर बसलाय ना बटणांपाशी, तो माझा." शिदू स्टेजच्या कडेला, घामाघूम. पण काय सांगू, त्या संध्याकाळी पोरानं कमाल केली! विरहाच्या गाण्याला निळा. लावणीला लाल. टाळी पडली की गरागरा. गायक पाणी प्यायला आडोशाला गेला, फोकस बंद. मामांनी पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर थाप मारली. "कामावर राहिलास बघ तू!"

शिदूचे डोळे भरून आले. आता एकच काम उरलं होतं, पाहुण्यांचा सत्कार. तालुक्याचे पुढारी जयवंतदादा मुद्दाम आले होते. गुटगुटीत, हसतमुख. स्टेजवर शिदूच्या कडेच्या खुर्चीवर बसले. सरपंच पुढं झाले आणि त्यांनी दादांच्या गळ्यात हा एवढा मोठा झेंडूचा हार घातला.

हार!

शिदूनं सगळे दिवे मंद केले. एकच फोकस दादांच्या तोंडावर धरला. बाजूचा माइक उचलला आणि जड आवाजात म्हणाला, "सर्वांनी उभं राहावं."

सभेत उभं राहा म्हटलं की आपण राहतो, कारण कोण विचारतं? सगळं गाव उठलं. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. मागं कुणीतरी हुंदका दिला. त्याचं ऐकून आणखी चौघांनी दिला. पडद्याआडून मामा कसेबसे एवढंच म्हणाले, "म्हशी..."

सगळे उभे राहिले म्हणून जयवंतदादाही उभे राहिले. हारासकट. हात जोडले, डोळे मिटले, मान खाली घातली. माणूस रीतीभातीचा. थोड्या वेळानं त्यांनी एक डोळा किलकिला केला आणि शेजारच्या शिदूला हळूच विचारलं, "पोरा, कोण गेलं रे?"

शिदूला फार वाईट वाटलं. त्यांना अजून कुणी सांगितलंच नव्हतं तर! त्यानं माइक तोंडाशी नेला आणि हळहळत म्हणाला, "दादा, तुम्हीच."