उपलब्ध स्फुरद

एक वृद्ध मृदाशास्त्रज्ञ आपल्या शिष्येसह एका छोट्या प्रयोगशाळेत काम करीत असत. एकदा त्यांच्याकडे डोंगरउतारावर नाचणी पिकवणारी ठकूबाई माती घेऊन आली. "समदे म्हणत्यात, वावर मेलंय, सोडून दे. नवऱ्यानं दगड रचून केलेलं वावर हाये. तुमीच सांगा, सोडू का?" एवढेच तिने विचारले.

शिष्या मोठी कष्टाळू. तिने दर आठवड्याला मातीतला उपलब्ध स्फुरद, म्हणजे पिकाला लगेच घेता येणारा फॉस्फरस, मोजला. सहा आठवडे आकडा तोच आणि अगदी अल्प. अखेरीस तिने जड मनाने अहवालात लिहिले : 'माती निष्क्रिय. वावर सोडावे.'

अहवाल वाचून गुरुजी उठले. कपाटातली जपून ठेवलेली कुपी काढली आणि तिच्यातले पाणी त्यांनी त्याच मातीत ओतले. त्या पाण्यातला ऑक्सिजन वेगळा, जड जातीचा होता. तो कुठेही गेला तरी यंत्राला ओळखू येई.

"सर, याचा थेंब सांडला तरी तुम्ही आम्हाला रागावता!"

"सांडत नाहीये, पाजतोय. चार दिवस थांब."

चार दिवसांनी शिष्येने पुन्हा मोजले. आकडा तसूभर हलला नव्हता. पण त्यातल्या बऱ्याचशा स्फुरदावर त्या पाण्याची खूण होती. ती चक्रावून गुरुजींकडे पाहू लागली.

गुरुजी म्हणाले, "पाल्यात, मुळांच्या अवशेषांत स्फुरद बांधलेला असतो. मातीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, ती गाठ तोडतात, आणि तोडताना पाण्यातला ऑक्सिजनचा एक कण त्या सुटलेल्या स्फुरदाला चिकटतो. खूण दिसली म्हणजे तो आपण पाणी घातल्यानंतर सुटलेला. जेवढा सुटत होता, तेवढा मातीतले जीव लगेच खाऊन टाकत होते. तू मोजत होतीस तो फक्त उरलेला. पंगतीतलं पातेलं दरवेळी रिकामं दिसलं, म्हणून चूल पेटलीच नाही असं म्हणशील का, बाळ?"

शिष्येला फार ओशाळल्यासारखे झाले. ठकूबाई आली तेव्हा तिने स्वतःच तिला सारे समजावले. थोडे खत घालावे लागेल, पालापाचोळा जाळू नये, पण वावर जिवंत आहे, हेही सांगितले.

ठकूबाईने पदराने डोळे टिपले. "म्हंजी माती राबतच व्हती?"

"हो. सगळा वेळ."

"अन् केलेलं समदं खाल्लं जायचं, म्हणून दिसत न्हवतं." ती हसली. "माज्या सासूचंबी असंच. दिसभर भाकऱ्या थापाव्या, अन् टोपली रिकामी झाली की म्हणायची, सुनंनं केलं काय?"

शिष्येने अहवाल ओढून 'निष्क्रिय' हा शब्द खोडला.

कुणाबद्दल 'हा काहीच करत नाही' असे म्हणण्यापूर्वी, त्याने केलेले आपणच तर खाऊन बसलो नाही ना, एवढे पाहावे.