मुक्या दरीला दिलेली ओ

पहिली खटकलेली गोष्ट अगदी साधी होती. गाडीतून उतरल्यावर मी आत्याला हाक मारली आणि ती हाक परत आली नाही.

समोर एवढी मोठी दरी. दोन्हीकडे सरळ तुटलेले कडे, तळाशी न दिसणारी नदी. अशा ठिकाणी आपलाच आवाज पुन्हा येऊन आदळतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही घाटात उभं राहिलं तरी कळतं. इथे मात्र हाक गेली ती गेलीच. विहिरीत दगड टाकावा आणि डुबुक ऐकूच येऊ नये, तसं. मला उगाच गळ्याशी हात न्यावासा वाटला.

"आत्या, इथे प्रतिध्वनी नाही."

"बरं आहे की. ऋजुता, तुझं एकदा ऐकलं तरी पुरतं मला," कुमुदआत्या म्हणाली आणि गाडीला कुलूप लावून चालू लागली.

आत्याने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. ग्रीसला जायचं, पण बेटं आणि निळे घुमट अजिबात नकोत, ते सगळे बघतात, असा तिचा हट्ट. म्हणून आम्ही एपिरसच्या डोंगरांतल्या मेसोलाका नावाच्या या गावात आलो होतो. दगडी घरं, दगडी छपरं, बहुतेक दारांना कुलपं. चौकात एक अवाढव्य चिनार आणि त्याच्या खाली बार्बा स्ताथिस यांचं कॉफीचं दुकान. बार्बा म्हणजे आपल्याकडे काका-आजोबा म्हणतात तसं. ते तरुणपणी मालवाहू जहाजांवर होते, मुंबईच्या गोदीतही येऊन गेलेले. मोडक्या इंग्रजीत बोलायचे, पण आवाज असा, की कोणी वाळका पाचोळा तुडवतंय. घशाचं ऑपरेशन झालं होतं.

"दरी बोलत नाही ना?" कॉफी ठेवता ठेवता ते म्हणाले. मी दचकून कप हिंदकळवला. "घाबरू नकोस, पोरी. तिचं नावच वूवी. वूवी म्हणजे मुकी. पण ती जन्माची मुकी नाही."

आत्याला गोष्टीत रस नव्हता. तिला खालचा जुना दगडी पूल बघायचा होता. "कथा तू ऐक, मी कमान बघून येते," ती म्हणाली.

"वाटेला खाली फाटा आहे," बार्बा म्हणाले. "उजवीकडचा धरू नका, तो कड्यावर जाऊन संपतो."

"मला नकाशा वाचता येतो," आत्या म्हणाली. काठी घेऊन ती वळणाआड गेली तरी मी मान वळवून बघतच होते.

मग बार्बांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी, पूल नव्हता तेव्हा, वूवी साऱ्या एपिरसमधली सर्वात बोलकी दरी होती म्हणे. कोणी शिंकलं तर समोरचा कडा शिंकायचा. पोरं तिच्याशी खेळत. धुकं आलं, की मात्र खेळ संपत असे. इथलं धुकं खालून वर येतं आणि वाट पुसून टाकतं. तेव्हा ज्यांची माणसं खाली असत, ते दरीच्या काठावर उभे राहून हाका मारत आणि खालची माणसं आवाजाच्या रोखाने वर येत. तशी इथली रीतच होती.

देस्पो नावाच्या बाईचा नवरा झोईस खेचरावर मीठ लादून परत येत होता. धुकं चढलं. देस्पो पोटुशी होती, तरी काठावर जाऊन उभी राहिली आणि हाका मारू लागली. समोरच्या कड्यानेही तिच्याच आवाजात हाका मारल्या. झोईसला कुठली देस्पो खरी ते कळेना. ती जितकी जीव तोडून ओरडे, तितकाच कडाही जीव तोडून ओरडे. शेवटी झोईस त्याला जवळ वाटलेल्या आवाजाकडे गेला. खेचर घरी आलं. पाठीवरचं मीठ भिजलं होतं.

धुकं ओसरल्यावर देस्पो काठावर गेली आणि दरीला म्हणाली, माझा आवाज वापरून माझाच माणूस नेलास, आता यापुढे कुणाचा आवाज घेऊ नकोस. असं सांगतात, की दरीने तिला विचारलं, मग मी रिकामी राहू का? मला काय देशील? देस्पो म्हणाली, माझं सगळं बोलणं घे. आणि या गावाकडून एक वचन घे. इथे पडलेली एकही हाक आम्ही रिकामी सोडणार नाही. माणसाच्या हाकेला माणूसच ओ देईल, 'एधो' म्हणेल. एधो म्हणजे इथे आहे. दरी म्हणाली, कबूल. पण ज्या दिवशी एक जरी हाक रिकामी सोडाल, त्या दिवशी ती मी भरीन.

त्यानंतर देस्पो कधी बोलली नाही. मूल झालं, त्याला तिने अंगाईसुद्धा म्हटली नाही. फक्त दरीतून हाक आली, की काठावर जाई आणि तेवढा एक शब्द म्हणे. ती गेल्यावर तो शब्द गाव म्हणू लागलं. घंटा चालत नाही, शिट्टी चालत नाही, स्वतःचाच आवाज हवा. तोंडात घास असला तरी, चर्चमध्ये पाद्री प्रार्थना म्हणत असला तरी.

"एकदा एकाने शेजाऱ्याची बकरी चोरली," बार्बा हसत म्हणाले. "खाली झुडपात लपला. मालक काठावर येऊन ओरडला, कुठे आहेस रे चोरा? आणि हा आतून म्हणाला, एधो."

मी हसले. तेवढ्यात चिनाराचं वरचं पान पडलं आणि माझ्या लक्षात आलं, की चौकाच्या पलीकडची घरं दिसत नाहीत. धुकं खालून वर आलं होतं.

"बार्बा, आत्या."

ते आधीच उठले होते. आम्ही काठावर गेलो. खालचं धुकं दुधासारखं नव्हतं. ओल्या लोकरीसारखं होतं, मळकट, आणि हलत होतं.

"तुम्ही हाक मारा," मी म्हटलं.

त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. "माझा आवाज या काठापलीकडे जात नाही. आणि बाकीचे सगळे आज बाजाराला गेलेत. लांब्रिनी तेवढी आहे. तिचं घर खालच्या वळणावर. पुलापर्यंत पोचतो तो तिचाच आवाज."

"मग सांगा तिला."

मग त्यांनी जे सांगितलं ते आख्यायिकेतलं नव्हतं. लांब्रिनीचा नवरा फोतिस लाकडं आणताना बर्फावरून घसरला होता. ती खालून गावाला हाका मारत राहिली. गाव त्या दिवशी शेजारच्या खेड्यात बारशाला गेलं होतं, अगदी सगळं गाव. कोणीच ओ दिली नाही, फोतिस गेला. तेव्हापासून लांब्रिनी कुणाच्या हाकेला ओ देत नाही. अंडी विकते, कॉफी पिते, मानेने हो-नाही करते.

"मग तेव्हा हाक रिकामी गेली," मी म्हटलं. "तेव्हा दरी बोलली?"

"ते लांब्रिनीलाच माहीत. आम्ही विचारलं नाही. आम्हाला तोंड नव्हतं विचारायला."

फोन लागत नव्हता. वाटेने खाली जाऊ म्हटलं, तर माझी स्वतःची पावलं मला दिसत नव्हती, आणि बार्बांनी माझा दंड घट्ट धरला होता. आत्याला नकाशा वाचता येतो, पण धुक्यात नकाशा कुठे असतो? ती फाट्यापाशी उभी असेल. हातातल्या काठीने जमीन चाचपत असेल. किंवा चाचपत नसेल, कारण ती आत्या आहे.

"मार हाक," बार्बा म्हणाले.

मला मारवेना. आत्याला ऐकू गेलं नाही आणि ही हाक रिकामी गेली तर? माझ्याच आवाजात समोरचा कडा 'आत्या' म्हणाला, तर ती त्याच्याकडे जाणार. ती माझा आवाज ओळखते. लहानपणी तापात मी रात्रभर तिलाच हाका मारायचे.

"नाही मारलीस तर ती चुकेल," बार्बा म्हणाले. "देस्पोपुढेही हेच होतं, पोरी."

मी हाक मारली. "आत्याऽऽ."

काही नाही. धुकं आत ओढल्यासारखं हललं. मी कान देऊन ऐकत होते, आणि मला उत्तर हवंही होतं आणि नकोही होतं. दूर समोरच्या बाजूला काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला, दगड असेल, किंवा श्वास घेतल्यासारखं काही. बार्बांनी सगळा जीव एकवटून 'एधो' म्हटलं आणि त्या पाचोळ्यासारख्या आवाजाचं धुकं झालं.

मी पुन्हा ओरडले. या वेळी आत्याला नाही. नाव घेतलं नाही, नुसतीच हाक मारली, कोणी आहे का अशी, मराठीतच. लांब्रिनीला त्यातलं काय कळणार होतं? पण बर्फात खाली बसून ती जे ओरडली असेल, तेही शब्दांनी कळण्यासारखं नसणार. माझा आवाज चिरकला. मी ओरडतच राहिले.

आजही त्या दरीत हाक परत येत नाही, असं मेसोलाकाचे लोक सांगतात. आजही तिथे मुलांना पहिला शब्द तोच शिकवतात, आणि धुकं चढलं, की हातातलं काम टाकून काठावर येऊन उभे राहतात. मी सांगते ते एवढंच, की त्या दुपारी माझा श्वास संपला, मी गप्प झाले, समोरचा कडाही गप्प होता, आणि मग खालच्या वळणावरून एक दार करकरलं. एका बाईने घसा खाकरला, बराच वेळ, वर्षानुवर्षं न वापरलेला. आणि सबंध दरी भरेल अशा आवाजात ती म्हणाली,

"एधोऽऽ."