करंजसड्याची ठकाई

फार वर्षांमागे, करंजसड्यावर ना गाडीवाट होती ना शाळा, तेव्हाची ही गोष्ट. श्रावण लागला की सड्यावर, त्या उघड्या पठारावर, असं धुकं उतरे की पुढे केलेला आपलाच हात दिसू नये. आणि सडा संपतो तिथे सरळ कडा.

तिथे ठकाई राहायची. खळ्यावर धान्य मापायचं काम तिचं. पायली भरताना तिचा आवाज गावभर जाई, "लाभ, दोन, तीन..." पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही खळ्याची रीत. गावाची आणखी एक रीत होती. लेकरं मोजायची नाहीत. मोजली की घटतात, असं म्हणत.

म्हणूनच एका श्रावणात वासरं राखायला गेलेली पोरं परत आली, तेव्हा त्यांत एक कमी आहे हे कुणाला कळलंच नाही. सांजेला ठकाईने भाकरी वाढली. तिची लेक रंगू ताटावर आली नाही. मग सगळा गाव धावला, हाका मारमारून दमला. रंगू सापडली नाही.

ठकाई रडत बसली नाही. असं म्हणतात, की ती घाट उतरून बाजारात गेली, वाण्याच्या मापांवर कोरलेले आकडे दिवसभर पाहत राहिली, आणि डोळ्यांत भरून वर घेऊन आली. सारवलेल्या खळ्यावर तिने ते राखेने काढले आणि एकेका आकड्यावर एकेक पोर बसवलं. ज्याचा जो आकडा, तो त्याने ओळखायचा, बोटाने गिरवायचा, आपली पाळी आली की ओरडून सांगायचा.

"आत्या, मी नऊ, तर मला नऊ भाकऱ्या?" गोमाने विचारलं.

"आधी नाक पूस, मग भाकऱ्या माग."

एवढ्यात गावचा म्हातारा धोंडजी काठी आपटत आला. "ठके, लेकरं मोजू नयेत. घटतात."

"मोजलं नव्हतं काका, तरी घटलंच की माझ्या घरात."

म्हाताऱ्याची मान खाली गेली. ठकाई हळू आवाजात म्हणाली, "मी मोजत नाही, मापते. लाभापासून धरते. गावाचं धान्यच ना ही पोरं?"

सातच्या आकड्यावर धोंडजीची नात भागी बसली होती. त्याने तिला उठवलं नाही.

मग पोरं रोज मापली जाऊ लागली. निघताना, ओढा ओलांडल्यावर, परतताना. पुढच्या श्रावणात ठकाई त्यांच्याबरोबर सड्यावर असतानाच धुकं कोसळलं.

"मापा रे!" ती ओरडली.

लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा. पुढे काहीच नाही.

"अगं भागे, बोल की! झोपलीस का?" गोमा चिडून ओरडला. धुक्यातून उत्तर आलं नाही.

ठकाईने पोरांना हातात हात धरून खाली बसवलं. "म्हणत राहा. सातला थांबा. तिची जागा कुणी भरायची नाही." आणि ती कड्याच्या बाजूला चालत गेली.

पोरं म्हणत राहिली. सहा झाले की थांबत, कान देत, मग आठ म्हणत. घसे बसले, तरी कुणी थांबलं नाही. आणि एका खेपेला सहानंतर अगदी जवळून रडवेला आवाज आला, "सात."

भागी एकटीच आली होती. ती म्हणाली, "आत्याने मला धरलं. तुमच्या आवाजाकडे माझं तोंड करून दिलं. जा म्हणाली, तुझी जागा रिकामी आहे."

"आणि ती?"

"तिला तिकडून कुणीतरी हाक मारली. आत्या म्हणाली, आले गं रंगू."

पोरांनी पुन्हा मापलं, या वेळी न थांबता. अकरा झाले. पोरं संपली. आणि असं म्हणतात, की धुक्यातून ठकाईचा खळ्यावरचा आवाज आला, "बारा." तिच्या मागोमाग एक कोवळा आवाज आला, "तेरा."

त्यानंतर खळ्यावर राखेचे आकडे धोंडजी काढू लागला, नातीला विचारून विचारून.

आजही श्रावणात करंजसड्याची लेकरं खळ्यावर जमतात आणि लाभापासून आपापला आकडा सांगतात. शेवटचं लेकरू बोललं की सगळा गाव उभा राहतो आणि आणखी दोन आकडे म्हणतो, एक ठकाईचा, एक रंगूचा. नवं लेकरू पहिल्यांदा आलं, की ठकाईचा आकडा त्याला मिळतो, आणि त्या मायलेकी एकेक जागा पुढे सरकतात.